मदत हवी आहे : यंत्राला यंत्रासारखे वागवणारे ॲक्शनपट आणि विज्ञानपट सुचवा

नमस्कार मंडळी,

एक मागणी आहे आणि दोन शंका आहेत. मागणी अशी की दहावी होऊन आलेल्या, डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घेतलेल्या मुलांना दाखवता येतील असे ॲक्शनपट किंवा विज्ञानपट मला हवे आहेत. अट एकच आहे. त्यांतले यंत्र यंत्रासारखे वागले पाहिजे. त्याचे इंधन संपले पाहिजे, ते तापले पाहिजे, अडकले पाहिजे, आणि नायक संकटातून सुटला तर तो यंत्राच्या मर्यादा ओळखून सुटला पाहिजे, पार्श्वसंगीत वाढले म्हणून नव्हे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवतो. मोठ्या पडद्यावर काही पाहायचे तर यवतमाळ किंवा अमरावती गाठावी लागते, त्यामुळे बहुतेक चित्रपट मी घरीच, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, वीज असेल तेव्हा विजेवर आणि नसेल तेव्हा इन्व्हर्टरच्या भरवशावर पाहिले. सोयाबीन काढणीपासून कपाशीच्या शेवटच्या वेचणीपर्यंतच्या काळात असे बरेच पाहून झाले. काय आवडले आणि काय नाही ते खाली लिहितो, म्हणजे सुचवणाऱ्यांना माझी आवड कळेल आणि जे पाहून झाले ते पुन्हा सुचवले जाणार नाही.

सर्वांत आवडला तो जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (२०१५). कथा म्हणाल तर एक टँकर वाळवंटातून जातो आणि परत येतो, एवढीच. पण हा चित्रपट बव्हंशी नामिबियाच्या वाळवंटात, खरोखर बांधलेल्या आणि खरोखर धावणाऱ्या गाड्यांवर चित्रित झाला आहे, आणि ते वजन प्रत्येक चौकटीत जाणवते. संकलक मार्गारेट सिक्सेल यांना यासाठी ऑस्कर मिळाले. त्यांनी दृश्यातली महत्त्वाची गोष्ट सतत चौकटीच्या मध्यावर ठेवली आहे, त्यामुळे तुकडे कितीही झटपट बदलले तरी कोण कुठे आहे आणि कोणती गाडी कोणाच्या मागे आहे हे शोधत बसावे लागत नाही. ही शिस्त अलीकडच्या मारधाडपटांत फारशी दिसत नाही. तेथे कॅमेरा इतका हलतो की ठोसा कोणी मारला आणि कोणाला लागला हे निकालावरूनच ओळखावे लागते.

त्यातले दोन प्रसंग मी मुलांना वेगळे काढून दाखवले. पहिल्यात टँकर रात्रीच्या वेळी चिखलात रुततो आणि त्या ओसाड प्रदेशात उभ्या असलेल्या एकुलत्या एक झाडाला साखळी बांधून, विंचच्या (दोर किंवा साखळी गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राच्या) जोरावर तो बाहेर ओढला जातो. ज्यांनी आमच्या काळ्या मातीत, जुलैच्या झडीत, ट्रॉलीसकट फसलेला ट्रॅक्टर बांधावरच्या बाभळीला साखळी लावून काढला आहे त्यांना या प्रसंगात काहीच समजावून सांगावे लागले नाही. उलट, साखळी बुंध्याला इतक्या वर बांधली तर झाड उपटेल की नाही, यावरच वर्गात वाद सुरू झाला. दुसऱ्या प्रसंगात शेवटच्या पाठलागात वेग वाढवण्यासाठी माणसे बोनेटवर लटकून इंजिनाच्या हवेच्या तोंडात पेट्रोल फुंकतात. हे प्रत्यक्षात चालते का, असे मुलांनी विचारलेच. पेट्रोल इंजिनात इंधनाचे प्रमाण क्षणभर वाढेल, त्याचा उपयोग होईल किंवा इंजिन गुदमरेलही, असे मी सांगितले. डिझेल इंजिनाच्या हवेच्या नळीत मात्र बाहेरून इंधन किंवा ऑइल शिरले, तर ते बेफाम सुटते आणि चावी बंद करूनही थांबत नाही, मग हवेचा मार्गच बंद करावा लागतो. जो धडा तासभर फळ्यावर शिकवून डोक्यात शिरला नसता तो त्या दिवशी पाच मिनिटांत शिरला. माझ्या मागणीचे खरे कारण हेच आहे.

‘मिशन इम्पॉसिबल’ मालिकेतला २०२३ चा ‘डेड रेकनिंग’ हा चित्रपट शेजारच्या काकांबरोबर पाहिला. त्यात शेवटी वाफेच्या इंजिनाची आगगाडी तुटलेल्या पुलावरून दरीत कोसळते. त्यासाठी इंजिन मुद्दाम तयार करून डर्बीशायरमधल्या एका दगडखाणीत खरोखर खाली पाडले होते. डबे एकामागून एक लोंबकळतात आणि प्रत्येक डब्यात धोका निराळा, हे मला फार आवडले. काकांचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी आमची शकुंतला १९९४ पर्यंत मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर चालत होती आणि काकांचे तारुण्य त्याच गाडीत गेले. पडद्यावर इंजिनाचे चालक मारले गेल्यावरही गाडी सुसाट धावत राहिलेली पाहून ते म्हणाले, “पन कोयसा कोन टाकून रायला बाप्पा?” बॉयलरमध्ये साठलेल्या वाफेवर गाडी काही काळ धावेल, पण वाफेची झडप पूर्ण उघडी ठेवून कोणी कोळसाही टाकत नसेल, तर दाब उतरत जाणार हे उघड आहे. काकांचा प्रश्न बिनतोड होता, तरीही त्या प्रसंगाचा आनंद कमी झाला नाही, कारण इंजिन पडते तेव्हा ते लोखंडासारखे पडते.

याच्या उलट अनुभव ‘एफ ९’ (२०२१) चा. जुन्या मोटारीला रॉकेट बांधून दोघे जण अवकाशात जातात. मुले टाळ्या पिटतात, त्याला माझी ना नाही. मात्र ज्या मालिकेची सुरुवात गाडीच्या बोनेटखाली काय आहे या कुतूहलातून झाली तिला आता बोनेट उघडण्याचीही गरज वाटत नाही. ‘कल्की २८९८ एडी’ (२०२४) बद्दल माझे मत संमिश्र आहे. अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा जेव्हा जेव्हा उभा राहतो तेव्हा पडदा भरून जातो. बुज्जी ही गाडीही केवळ संगणकावर न काढता महिंद्रा आणि कोइंबतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्ज यांच्या मदतीने प्रत्यक्ष चालणारी बनवली गेली, याचे कौतुक आहेच. परंतु चित्रपटात ती काय करू शकते आणि काय करू शकत नाही हे आधी कुठेच ठरत नाही, म्हणून ती संकटात सापडली तरी काळजी वाटत नाही.

आता शंकांकडे वळतो. पहिली शंका ‘इंटरस्टेलर’ (२०१४) विषयी आहे. या चित्रपटामागे किप थॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ होते, ज्यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे कृष्णविवराजवळच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षे, म्हणजेच काळ सुमारे ६१ हजार पटींनी संथ, या गोष्टीवर मी हरकत घेत नाही. गरगर फिरणाऱ्या यानाला लँडर जोडण्याचा प्रसंग तर मी वहीत आकडेमोड करत पुन्हा पाहिला. संवादात फिरण्याचा वेग मिनिटाला ६७-६८ फेरे इतका सांगितला आहे. आमच्या डिझेल इंजिनाचा संथ चालतानाचा वेगही याच्या कितीतरी पट असतो, म्हणून हा आकडा ऐकताना किरकोळ वाटतो. पण हिशेब केला, तर फिरण्याच्या अक्षापासून केवळ २ मीटर अंतरावर बसलेल्या माणसावरही गुरुत्वाच्या सुमारे १० पट जोर येतो. लढाऊ विमानांचे सरावलेले वैमानिक खास पोशाख घालून साधारण ९ पटींपर्यंत तग धरतात. त्या प्रसंगात नायिका शुद्ध हरपते, नायकही जेमतेम भानावर राहतो, आणि हे दिग्दर्शकाने दाखवले म्हणून तो प्रसंग खरा वाटतो. (‘टॉप गन : मॅव्हरिक’मध्ये नटांना नौदलाच्या वैमानिकांच्या मागच्या आसनावर बसवून खरोखर उडवले होते. त्यांचे ओघळलेले गाल पाहिले की हा जोर काय असतो ते वेगळे सांगावे लागत नाही.)

मग माझे घोडे कुठे अडते? पृथ्वीवरून निघताना रेंजर हे छोटे यान टप्प्याटप्प्याच्या प्रचंड रॉकेटवर बसवून सोडले जाते. तेच रेंजर पुढे लाटांच्या ग्रहावर उतरते, जेथील गुरुत्व पृथ्वीच्या १३० टक्के असल्याचे चित्रपटातच सांगितले आहे, आणि तेथून कोणत्याही रॉकेटशिवाय, पाण्याने भरलेली इंजिने कशीबशी चालू करून, स्वतःच्या बळावर वर येते. जे यान जास्त गुरुत्वातून स्वतः उठू शकते त्याला कमी गुरुत्वातून उठायला रॉकेट कशाला लागले? पहिल्या उड्डाणात यानातले इंधन वाचवायचे होते, असे एक उत्तर ऐकले आहे. ते पटण्याजोगे आहे, परंतु अपुरे वाटते, कारण टाकीचा आकार बदललेला नाही आणि इंधन म्हणजे वजन, हा नियम तेथेही लागू आहे. थॉर्न यांच्या लेखनात कृष्णविवराजवळ वेग कमीजास्त करण्यासाठी दुसऱ्या लहान कृष्णविवराच्या ओढीचा उपयोग करण्याची कल्पना आहे, पण ती ग्रहाच्या पृष्ठभागावरून उठण्याच्या अडचणीला लागू पडत नाही. कोणी याचा हिशेब मांडला असल्यास कृपया आकड्यांसह सांगावा.

दुसरी शंका ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) मधली. पॅराशूटच्या दोऱ्यांत नायिकेचा पाय अडकलेला आहे, तिच्या हाती असलेल्या पट्ट्याला दुसरा अंतराळवीर लटकला आहे, आणि आपण दोघेही वाहून जाऊ म्हणून तो पट्टा सोडून देतो. जर दोघेही अंतराळ स्थानकाच्या मानाने थांबलेले असतील, तर त्याला दूर ओढणारे बल कोणते? एक हलका हिसका दिला असता तर तो तिच्याकडे आला असता. दोऱ्या अजून ताणल्या जात होत्या, म्हणजेच दोघे पुरते थांबलेच नव्हते, असा बचाव केला जातो. आपणांपैकी कोणी तो प्रसंग बारकाईने पाहिला असेल तर हा बचाव टिकतो का ते सांगावे. त्याच चित्रपटात हबल दुर्बिणीपासून आंतरराष्ट्रीय स्थानकापर्यंत पाठीवरच्या छोट्या यंत्रावर जाणे मी केवळ कथेची सोय म्हणून सोडून देतो. चित्रपट आला तेव्हा हबल सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर आणि विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेल्या कक्षेत होती, तर स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आणि ५१.६ अंशांच्या कक्षेत, त्यामुळे तो प्रवास त्या साधनाने होणे नाही. मात्र स्फोट होताना आवाज न येऊ देण्याचे धाडस या चित्रपटाने केले, आणि ती शांतता कोणत्याही धमाक्यापेक्षा जास्त धडकी भरवते.

‘द मार्शियन’ (२०१५) मुलांना दाखवून झाला आहे. मंगळावरची हवा पृथ्वीच्या एक टक्काही दाबाची नाही, म्हणून सुरुवातीचे यान कलंडवणारे वादळ अशक्य आहे, हे माहीत असूनही तो मला प्रिय आहे. हायड्राझिन या रॉकेटच्या इंधनापासून पाणी तयार करताना नायकाचा जो भडका उडतो तो पाहून आमच्या वर्कशॉपमध्ये सुरक्षा चष्मे आपोआप वापरात आले.

सुचवताना कृपया पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात. मुले सोळा-सतरा वर्षांची आहेत, तेव्हा बेताल रक्तपात नको. इंग्रजी त्यांना झेपत नाही, त्यामुळे हिंदीत डब केलेली प्रत असावी. मात्र काही डब प्रतींत दाबाचे, तापमानाचे, इंधनाचे आकडे गाळून त्या जागी टपोरी विनोद भरलेले असतात, तसे नको. कोणता हिंदी अवतार मूळ संवादांशी प्रामाणिक आहे हे ठाऊक असेल तर आवर्जून लिहावे. लांबी दोन तासांच्या आत असेल तर उत्तम, कारण दुपारच्या सत्रात एवढाच वेळ मिळतो आणि एसटी चुकली की बाहेरगावच्या मुलांची पंचाईत होते. प्रेक्षक केवळ संस्थेतले विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक असतील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थांना एवढ्यापुरती सवलत आहे, त्यामुळे त्याबाबत चिंता नसावी.

मराठीत या जातीचे काही असल्यास ते आधी सांगावे. सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ (२०१६) माझ्या यादीत आहे. त्यापलीकडे ज्यात पंप, ट्रॅक्टर, जिनिंगचे यंत्र किंवा एखादी साधी मोटारसायकलही कथेचा खरा आधार आहे, असा मराठी चित्रपट किंवा लघुपट कोणाच्या पाहण्यात आला आहे का? लघुपट वीस मिनिटांचा असला तरी चालेल, तासिकेच्या शेवटी तो सहज बसतो.