मदत हवी आहे: गावाजवळ तेलविहिरीची चाचणी, हरकत कशी घ्यायची? (इंग्लंड)

ओलीपायवाट:
मंडळी, घाईत लिहितोय. आमच्या गावाबाहेर जंगलातली जुनी विहीर उघडून तेलाची चाचणी करणार आहेत. संरक्षित भाग असूनही! गेल्या वर्षी चार पानी हरकत दिली होती, ती वाया गेली. आता परत पत्र आलंय, सोळा दिवस उरलेत. वकील करावा लागेल का? खर्च किती येतो?

काटेकोर:
पत्र कुणाचं आहे? गाव कुठल्या भागात? गेल्या वर्षी निर्णय काय लागला? हे न सांगता खर्च विचारताय!

डोंगरदादा:
फ्रॅकिंगवर (जोराने पाणी सोडून खडक फोडण्यावर) नोव्हेंबर २०१९ पासून स्थगिती आहे. २०२२ मध्ये काही आठवडे उठवली होती, ती परत लागू झाली. निवांत झोपा.

काटेकोर:
@डोंगरदादा, फ्रॅकिंग म्हणालंय कोण? साधी चाचणी असेल, किंवा आम्ल सोडून खडकातल्या भेगा साफ करायच्या असतील, तर ती स्थगिती तिथे लागूच नाही.

ओलीपायवाट:
ससेक्स, हाय वील्ड हा संरक्षित निसर्गसौंदर्याचा भाग. पत्र इन्स्पेक्टोरेटचं आहे. काउंटी कौन्सिलने (आपल्या जिल्हा परिषदेसारखी) गेल्या वर्षी परवानगी नाकारली होती.

काटेकोर:
अहो, म्हणजे तुम्ही जिंकलात की! वाया काय गेलं? कंपनीने त्या नकारावर इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे नियोजनाची अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अपील केलंय. अपिलाचा हक्क फक्त अर्जदाराला असतो, शेजाऱ्यांना नाही. तुमची जुनी हरकत कौन्सिल तिथल्या निर्णय देणाऱ्या इन्स्पेक्टरकडे पाठवतं. या सोळा दिवसांत फक्त भर घालायची. त्याला वकील लागत नाही.

सुमाताई_केंट:
आम्ही घर घेताना सर्व्हे करून घेतला होता. तुम्ही केला होता का? घराची किंमत पडेल हे ठळक लिहा.

काटेकोर:
ताई, घराची किंमत हा मुद्दा नियोजनात धरतच नाहीत. अरुंद रस्त्यावरचे टँकर, रात्रीचा उजेड, गॅस जाळायची ज्योत, भूजल, टेकडीवरून दिसणारं दृश्य हे लिहा.

विळाकोयता:
काही उपयोग नाही. बाल्कम गावची तेलविहीर आठवा. तेही हाय वील्डच. कौन्सिलने मार्च २०२१ मध्ये नाकारलं, इन्स्पेक्टरने फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर केलं. सरे काउंटीत डन्सफोल्डच्या विहिरीला २०२० मध्ये दोनदा नकार, आणि जून २०२२ मध्ये मंत्र्यांची मंजुरी. सगळं ठरलेलं असतं.

काटेकोर:
डन्सफोल्डची जागा सरे हिल्स या संरक्षित भागाच्या हद्दीबाहेर होती, तिथे प्रश्न शेजारच्या निसर्गदृश्याचा होता. हद्दीच्या आत कसोटी कडक: मोठं बांधकाम किंवा खोदकाम अपवादात्मक परिस्थिती आणि जनहित दाखवल्याशिवाय मंजूर करायचं नाही. बाल्कमला इन्स्पेक्टरला तसा अपवाद पटला, हे खरं. पण २६ डिसेंबर २०२३ पासून कायदा बदललाय. निसर्गसौंदर्य जपण्या-वाढवण्याचा उद्देश आता नुसता 'लक्षात घेणं' पुरत नाही, तो पुढे नेण्याचा प्रयत्न करावा लागतो. हे बंधन इन्स्पेक्टरवरही आहे. बाल्कमची मंजुरी त्याआधीची.

नभांगण:
सरेमधल्या हॉर्स हिल तेलविहिरीचा खटला विसरलात? २० जून २०२४, सर्वोच्च न्यायालय, तीन विरुद्ध दोन. ते तेल पुढे जाळल्यावर होणारं उत्सर्जनही पर्यावरण अहवालात मोजायला हवं. एवढ्यावर केस संपली!

काटेकोर:
ते प्रकरण वीस वर्षांच्या उत्पादनाचं होतं. इथे चाचणी आहे. कंपनी म्हणणार, तेल विकण्याजोगं आहे का हेच अजून माहीत नाही. मुद्दा मांडा, पण त्याच्यावर विसंबू नका.

डोंगरदादा:
डॉर्सेटमधलं विच फार्म तेलक्षेत्रही बघा जरा. पूल हार्बरच्या काठी, संरक्षित भागातच, १९७९ पासून तेल निघतंय. १९९८ मध्ये किनाऱ्यावरून समुद्राखाली दहा किलोमीटरच्या पुढे आडवी विहीर नेली होती. झाडांआड काही दिसतसुद्धा नाही. गाडीत पेट्रोल भरताना नाही आठवत निसर्ग?

विळाकोयता:
निघाले कंपनीचे जावई!

ओलीपायवाट:
भांडू नका हो. एकच विचारतो. इन्स्पेक्टरने मंजूर केलं तर?

काटेकोर:
तर सहा आठवड्यांत उच्च न्यायालय. तिथे फक्त कायद्याची चूक बघतात, निर्णय आवडला की नाही ते नाही. वकील लागेल तो तेव्हा. पर्यावरणाच्या दाव्यात हरलात तरी समोरच्याचा खर्च एका माणसाला सहसा ५,००० पाउंडांपर्यंतच, तुमच्या वकिलाची फी वेगळी. आत्ता ते जुनं पत्र शोधा.

सुमाताई_केंट:
आमचा सर्व्हेवाला चांगला होता, नंबर देऊ का?

ओलीपायवाट:
पत्र सापडलं. घराच्या किमतीवर तीन पानं आणि टँकरवर दोन ओळी. आता उलटं करायला बसतो.