सेंड यशस्वी होतो, सॉकेट बंद केलं की शेवटच्या नोंदी मात्र गायब

काटा_आणि_कोड:
नमस्कार मंडळी. कळमन्याकडे एका धर्मकाट्यावर आमचा छोटा लिनक्स बॉक्स बसवलाय. ट्रक चढला की वजन, गाडी नंबर, वेळ असं सगळं आधी लोकल फाइलमध्ये जातं, मग थोड्या थोड्या वेळानं पायथनची स्क्रिप्ट जमलेल्या नोंदी टीसीपीवरून (नेटवर्कवर डेटा क्रमानं पोचवायची पद्धत) सर्व्हरला पाठवते, सगळं सेंडऑल (पायथनचं पाठवायचं फंक्शन) करून झालं की सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) क्लोज करते आणि फाइल रिकामी करते. ऑफिसच्या लॅनवर कितीही टेस्ट केलं तरी एकही नोंद हरवत नाही, पण साइटवर 4जी डोंगल आहे तिथं शेवटच्या काही नोंदी सर्व्हरवर पोचूनच नाही राहिल्या. स्क्रिप्टमध्ये एरर नाही, एक्सेप्शन नाही, काही नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र मधून मधून 'कनेक्शन रिसेट बाय पीअर' दिसते. आंबिया बहाराच्या फळांची आवक सुरू झाली की गाड्यांची रांग लागते, तेव्हा हे असंच राहिलं तर शेतकऱ्याच्या पावतीचा आणि सर्व्हरचा हिशोब जुळणार नाही, त्याच्या आधी निस्तरायचंय. काहून होत असेल असं?

बर्डी_सिसॅडमिन:
भाऊ, सेंडऑल परत आला म्हणजे डेटा पोचला असं नसते. तो फक्त तुझ्याच मशीनच्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, कॉपी झाला एवढंच त्याचा अर्थ. लॅनवर तो बफर लगेच रिकामा होतो म्हणून तुला फरक दिसत नाही, 4जीवर डेटा अजून रांगेतच असतो आणि तू क्लोज मारतो. क्लोजच्या आधी दोन सेकंद स्लीप टाकून पाह्य, नाहीतर एसओ लिंगर हे सॉकेटचं सेटिंग लाव, वेळ दे पाच-दहा सेकंद, मग क्लोज थांबून राहते डेटा जाईपर्यंत.

फुटाळा_पॅकेट:
बफरचं बरोबर आहे पण स्लीप नको. नेटवर्क त्याहून जास्त अडकलं की पुन्हा तेच, आणि न अडकलेल्या वेळी फुकट थांबायचं. शिवाय साधा क्लोज मारला तरी लिनक्स बफरमधला उरलेला डेटा मागच्या मागे पाठवतच राहतो आणि फिन, म्हणजे 'माझं पाठवून संपलं' सांगणारं पॅकेट, त्या डेटाच्या नंतरच जातो, म्हणजे नुसता क्लोज मारल्यानं डेटा टाकून द्यायचं कारण नाही. मला 'रिसेट' शब्दावर शंका येऊन राहिली. काटा भाऊ, एक सांगा, सर्व्हर प्रत्येक नोंदीला काही उत्तर पाठवतो का आणि तुमची स्क्रिप्ट ते वाचते का?

काटा_आणि_कोड:
हो, सर्व्हर प्रत्येक नोंदीला 'ओके' ची एक ओळ पाठवतो. आम्ही वाचत नाही, गरज वाटली नव्हती.

फुटाळा_पॅकेट:
मग सापडलं. लिनक्समध्ये रिसीव्ह बफरमध्ये न वाचलेला डेटा पडलेला असताना क्लोज केलं तर कर्नल फिन पाठवतच नाही, सरळ आरएसटी, म्हणजे कनेक्शन तोडणारा रिसेट, पाठवतो, आणि पाठवायच्या रांगेत जे काही उरलं असेल ते फेकून देतो. हा बग नाही. 1989 च्या आरएफसी 1122 (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्येच लिहिलंय की डेटा न वाचता क्लोज झालं तर समोरच्याला कळावं म्हणून रिसेट पाठवावा, आणि 1999 चा आरएफसी 2525 तर असं न करणाऱ्या टीसीपीलाच सदोष धरतो. तुमचे ते 'ओके' न वाचता पडून आहेत, क्लोज झाला की रिसेट गेला आणि 4जीवर अडकलेल्या शेवटच्या नोंदी त्याच्यासोबत संपल्या. लॅनवर नोंदी आधीच पोचून सर्व्हरनं वाचलेल्या असतात म्हणून तिथं रिसेट जाऊनही काही बिघडत नाही. आणि बर्डी भाऊ, इथं लिंगरनंही काम नाही होणार, कारण न वाचलेला डेटा असला की लिनक्स रिसेटची वाट आधी धरतो, लिंगरचा वेळ मग कितीही द्या. लिंगर शून्य ठेवायचा सल्ला कुठं वाचला असेल तर तो तर अजिबात नको, शून्य म्हणजे डेटा टाकून दे आणि रिसेट पाठव असाच हुकूम आहे. टाइम-वेटचे, म्हणजे बंद झाल्यावरही कर्नल काही वेळ राखून ठेवतो ते, सॉकेट साचू नयेत म्हणून लोक तो लावतात. लिनक्सवर टाइम-वेट 60 सेकंदांचा असतो, आणि तुमच्या एका स्क्रिप्टला त्याचा काय त्रास होणार?

करायचं असं: सगळं पाठवून झालं की क्लोजऐवजी शटडाऊन करा, फक्त लिहिण्याची बाजू, शट डब्ल्यूआर. उरलेला डेटा जाऊन मागोमाग फिन जातो पण तुमचा वाचायचा रस्ता उघडाच राहतो. मग रिसीव्ह करत राहा, सगळे 'ओके' वाचून काढा, शेवटी रिकामं उत्तर आलं म्हणजे सर्व्हरनंही आपली बाजू मिटवली, तेव्हा क्लोज. रिसीव्हला टाइमआउट लावायला विसरू नका, नाहीतर सर्व्हर मधेच मेला तर स्क्रिप्ट लटकून राहील. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये 'लिंगरिंग क्लोज' म्हणून सोय आहे ती याच दुखण्यासाठी. क्लायंट अजून अपलोड करून राहिला आणि सर्व्हरनं एरर देऊन कनेक्शन तोडलं तर रिसेटमुळे ते एररचं पानच क्लायंटला दिसत नाही, म्हणून तो येणारा डेटा थोडा वेळ वाचून फेकत बसतो आणि मग बंद करतो.

काटा_आणि_कोड:
टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टूल) लावून पाहिलं साइटवर, क्लोज झाल्या झाल्या खरंच आरएसटी जातो, फिन कुठंच नाही. शटडाऊन टाकून शेवटपर्यंत वाचायला लावलं तर आता फिन दिसून राहिला आणि नोंदीही पूर्ण आल्या. मनापासून धन्यवाद दादा. आता हे असंच ठेवलं की झालं ना?

वर्धारोडची:
नाही दादा, एवढ्यावर फाइल रिकामी करू नका. शटडाऊननं कनेक्शन नीट मिटतं, पण टीसीपीची पोच ही समोरच्या कर्नलची पोच असते, सर्व्हरच्या प्रोग्रामची नाही. डेटा तिथल्या बफरमध्ये आला, त्याची पोच गेली आणि डेटाबेसमध्ये लिहायच्या आत प्रोसेस पडली, तर तुमच्या बाजूनं सगळं हिरवंगार दिसेल आणि नोंद कुठंच नसेल. सर्व्हरचा प्रोग्राम बंद पडतो तेव्हा त्याचं सॉकेट कर्नलच बंद करतं, म्हणजे ते रिकामं उत्तरसुद्धा तुम्हाला मिळू शकतं!

प्रत्येक नोंदीला एक क्रमांक द्या. सर्व्हरनं डेटाबेसचा कमिट (नोंद पक्की लिहिली जाणं) झाल्यावरच 'ओके' पाठवायचा आणि त्यात तो क्रमांक टाकायचा. तुम्ही फाइलमधून तेवढीच नोंद काढायची जिचा क्रमांक परत आला, बाकीच्या पुढच्या फेरीत पुन्हा जातील. पुन्हा गेली तर एकाच ट्रकचं वजन दोनदा चढू नये म्हणून सर्व्हरवर क्रमांकाला युनिक की (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारा नियम) लावा, आधीची नोंद सापडली तरी 'ओके' च द्या, एरर नको, नाहीतर ती नोंद कायम अडकून राहील. क्रमांक बॉक्स रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा एकपासून सुरू होत नाही ना हेही पाहा, काट्यावर लाइट जातेच. शेतकऱ्याच्या हातात पावती गेली की ते वजन आपल्याकडून हरवायला नकोच, त्यासाठी एवढं काम करावंच लागतं.

काटा_आणि_कोड:
ताई, क्रमांकाचं पटलं, बॉक्सचा आयडी आणि फाइलमध्ये जपलेला काउंटर असं जोडून करतो. एकच विचारतो, पुढच्या महिन्यात टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) लावायचा आहे, तेव्हाही हे शटडाऊन असंच चालेल का?

फुटाळा_पॅकेट:
टीएलएसमध्ये आधी क्लोज-नोटिफाय, म्हणजे 'मी बंद करतोय' असा संदेश, पाठवायचा असतो, नाहीतर मधेच कोणी कनेक्शन कापलं का खरंच संपलं हे समोरच्याला ओळखता येत नाही. टीएलएसच्या 1.3 व्हर्जनमध्ये एक बाजू मिटवून दुसरीवर वाचत राहता येतं. 1.2 पर्यंत नियम असा होता की क्लोज-नोटिफाय आला की समोरच्यानं स्वतःचं राहिलेलं लिहिणं टाकून द्यायचं आणि लगेच बंद करायचं, म्हणजे तुमचे शेवटचे 'ओके' त्यात जातील. त्यामुळं ताईंच्या पद्धतीनं सगळे क्रमांक परत आल्यावरच क्लोज-नोटिफाय पाठवा, मग दोन्ही व्हर्जनवर चालेल.