मदत हवी आहे: काक्षीची जे-प्रत दोन रात्री जुळत नाही

तापीकाठ: काक्षी (मृगातला तांबडा तारा, बेटेलग्यूज) हिची जे आणि एच या अवरक्त बँडमधली प्रत (तेजाचा आकडा, जितका कमी तितका तारा तेजस्वी) मोजतोय, रोहिणी प्रमाण तारा, म्हणजे तुलनेचा तारा, धरून. सोमवारपेक्षा बुधवारी काक्षी जे मध्ये 0.12 ने तेजस्वी आली, एच मध्ये 0.05 ने. दोन दिवसांत ती एवढी बदलत नाही. शनिवारी प्रकल्प द्यायचाय. काय चुकतंय, लवकर सांगा.

धुळेकर: कुठून, किती वाजता, कशाने? आकाशाचं, म्हणजे ताऱ्याशेजारच्या रिकाम्या जागेचं, रीडिंग कधी घेतलं?

तापीकाठ: चोपड्याजवळ, गच्चीवरून. 8 इंची दुर्बीण, इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा फोटोमीटर (प्रकाश मोजायचं यंत्र). आकाश प्रत्येक ताऱ्यानंतर घेतो, ते बरोबर आहे.

सातपुडा_रात्र: फोटोमीटर कशाला भो? जुन्या डीएसएलआरचा आतला फिल्टर काढा, झालं अवरक्त. मी तसेच फोटो काढतो.

धुळेकर: डीएसएलआरचा सेन्सर सिलिकॉनचा, तो 1.1 मायक्रॉन तरंगलांबीच्या पुढे आंधळा. जे चा मध्य 1.25 वर, एच चा 1.65 वर. फोटो सुंदर येतील, प्रत येणार नाही. तापीकाठ, वेळ अजून सांगितली नाही.

तापीकाठ: सोमवारी 8. बुधवारी लाईट गेली होती, म्हणून 10:30.

धुळेकर: मग तिथेच आहे. मार्चच्या मध्याला 8 वाजता रोहिणी क्षितिजापासून साधारण 56 अंशांवर, काक्षी 68 वर. साडेदहाला रोहिणी 21 वर उतरते, काक्षी 36 वर. रोहिणीचा प्रकाश थेट डोक्यावरच्या ताऱ्याच्या जवळपास 2.8 पट हवा ओलांडून येतो, काक्षीचा 1.7 पट. प्रमाण तारा जास्त मंदावला, म्हणून काक्षी तेजस्वी वाटली. हवेची दुरुस्ती केलीत का?

तापीकाठ: नाही. दोन्ही तारे जवळच आहेत असं धरलं.

केळीबाग: रावेर-यावलकडे रात्री बागांना पाणी सुरू असतं. ती वाफ जे बँडमधला प्रकाश खाते.

धुळेकर: वाफ खाते हे खरं, 1.1 आणि 1.4 मायक्रॉनचे तिचे पट्टे जे च्या दोन्ही काठांना लागतात. पण मोजायची ती डोक्यावरच्या सगळ्या हवेतली, बागेतली नाही.

केळीबाग: उन्हाळ्यात आमच्याकडे दव पडतं, ते कुठून येतं मग?

सातपुडा_रात्र: तोरणमाळला जा, प्रश्न संपेल.

धुळेकर: तिथेही तारा मावळतोच, दादा.

पाटणवाला: चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा शिलालेख बघितलाय का कोणी? भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठाला दिलेलं दान त्यात कोरलंय. ज्याला ग्रह-ताऱ्यांची आवड आहे त्याने तिथे एकदा जावंच.

तापीकाठ: जाईन, शनिवारनंतर. रोहिणीऐवजी मृगातलाच गामा तारा घेऊ का? काक्षीच्या शेजारीच आहे.

धुळेकर: शेजारी आहे, पण निळा. शिवाय जे मध्ये 2 च्या आसपास, काक्षी उणे 3 जवळ. शंभरपट फिका, तुमच्या 8 इंचीवर रीडिंग नाचतील. रोहिणीच ठेवा, तिचा रंग काक्षीच्या जवळचा आहे. संध्याकाळपासून दर अर्ध्या तासाला तिला मोजा, जे आणि एच वेगवेगळे, आणि प्रत विरुद्ध हवेची पट असा आलेख काढा. उतार मिळाला की तोच दोन्ही ताऱ्यांना लावा. बुधवारचे आकडे मात्र बुधवारच्याच हवेचे, आजचा उतार त्यांना अंदाजानेच लागेल.

तापीकाठ: आज साडेसातला लागतो. 25 अंशांच्या खालची रीडिंग घेऊ का?

धुळेकर: घ्या, पण उतार काढताना वगळा. वाफेमुळे तिथे रेषा सरळ राहत नाही.