'द सिम्पसन्स'चा सातबारा कोणाच्या नावावर?

काठावर पास

'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतलं हे पिवळं कुटुंब आमच्याकडे केबलवर दिसायला लागलं तेव्हापासून त्याच्या जन्माची एकच गोष्ट ऐकतोय. मॅट ग्रोनिंग हा व्यंगचित्रकार निर्माता जेम्स एल. ब्रूक्सच्या ऑफिसबाहेर ताटकळत बसला होता. 'लाइफ इन हेल' ही त्याची सशांची चित्रमालिका ब्रूक्सला हवी होती. ती दिली तर तिचे हक्कही जातील, हे पठ्ठ्याच्या अगदी दारात लक्षात आलं. मग तिथंच बसून त्याने एक कुटुंब खरडलं आणि घरच्यांचीच नावं ठोकून दिली. वडील होमर, आई मार्गारेट म्हणून मार्ज, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःचं नाव तेवढं टाळलं. 'ब्रॅट', म्हणजे वांड कार्टं, या शब्दाची अक्षरं फिरवून बार्ट केला.

गोष्ट झकास आहे, खोटी आहे असंही मी म्हणत नाही. पण त्या खरडण्यातून निघालं काय? 'ट्रेसी उलमन शो' या विनोदी कार्यक्रमाच्या अधेमधे दाखवायच्या चिमुकल्या फिती. पहिली १९ एप्रिल १९८७ ला आली, एकूण ४८ झाल्या. आज बघा त्या. होमर नुसता खेकसतो, लिसा म्हणजे फ्रॉक घातलेला बार्ट. होमरचा मालक बर्न्स नाही, शेजारी फ्लँडर्स नाही.

अर्ध्या तासाची मालिका करायची ठरल्यावर सॅम सायमन आला. 'टॅक्सी' आणि 'चीअर्स' करून आलेला, विनोदी मालिकेचा मुरलेला माणूस. स्वार्ट्झवेल्डर, जॉर्ज मायर, जॉन विटी असे लेखक त्याने जमवले. कार्टूनमधल्या पात्रांना हाडामांसाच्या माणसांसारखं वागायला लावलं. ग्रोनिंगशी पटेना म्हणून १९९३ मध्ये तो बाहेर पडला, आणि आता विचारलं तर दहातल्या नऊ जणांना त्याचं नाव माहीत नसतं. सातबाऱ्यावर ग्रोनिंग, कसणारा सायमन. कसेल त्याची जमीन, एवढंच माझं म्हणणं.

लिंबोणी

असहमत. जमीन कसायला आधी जमीन लागते.

तुम्ही नावांचा विषय चार नावांत उरकलात. ग्रोनिंग ओरेगनमधल्या पोर्टलंडचा. तिथल्या रस्त्यांची नावं बघा: फ्लँडर्स, लव्हजॉय, क्विम्बी. तीच मालिकेतल्या पात्रांना दिली. त्याचं घर होतं एव्हरग्रीन टेरेसवर, आणि सिम्पसन मंडळींचा पत्ताही तोच. आईचं माहेरचं आडनाव विगम, तो झाला पोलीसप्रमुख. म्हणजे घरच नाही, अख्खं गाव त्याने स्वतःच्या बालपणातून उचललंय.

सिम्पसन्सच्या गावाचं स्प्रिंगफील्ड हे नाव तर खास आहे. लहानपणी तो 'फादर नोज बेस्ट' ही मालिका बघायचा. त्यातल्या गावाचं नाव स्प्रिंगफील्ड. बाप शहाणा, आई हसतमुख, पोरं गुणी. ओरेगनमध्येही एक स्प्रिंगफील्ड आहे, त्यामुळे हे आपल्या शेजारचंच गाव असं त्या पोराला वाटायचं. हे त्याने २०१२ मध्ये एका मुलाखतीत सांगितलंय. त्याच नावाच्या गावात त्याने ढेरपोट्या, बिअर ढोसणारा, पोराचा गळा आवळणारा बाप आणून बसवला. ही खुन्नस पगारी लेखकाच्या खोलीत तयार होत नाही.

आणि ती लागलीही वर्मी. अमेरिकन कुटुंबं टीव्हीवरच्या सोज्वळ वॉल्टन्ससारखी व्हावीत, सिम्पसन्ससारखी नकोत, असं थोरले बुश १९९२ मध्ये भाषणात बोलून गेले. राष्ट्राध्यक्षाला टोचलं ते कुटुंब, सायमनच्या लेखकांची कोटी नव्हे.

उंबरठा

दोघांचं भांडण छान चाललंय, पण शेताला पाणी कुणी दिलं?

फॉक्स वाहिनी सुरू झाली ऑक्टोबर १९८६ मध्ये. समोर तीन जुन्या दांडग्या वाहिन्या. गमवायला काही नव्हतं म्हणून तर भांडकुदळ बंडी कुटुंबाची 'मॅरीड विथ चिल्ड्रन' तिथेच आली, तीही एप्रिल १९८७ मध्येच. रात्रीच्या वेळेत कार्टून म्हणजे 'फ्लिंटस्टोन्स'नंतर जवळपास विसरलेला प्रकार. ब्रूक्सकडे ऑस्कर होतं, वजन होतं. वाहिनीने मजकुरात ढवळाढवळ करायची नाही, असं त्याने करारातच घालून घेतलं. ही अट नसती तर होमर तिसऱ्या भागात सुधारला असता, हे मी पैजेवर सांगतो.

शिवाय चित्रं काढणाऱ्यांचं कुणी नावच घेत नाही! ग्रोनिंगने कच्ची रेखाटनं पाठवली, त्याला वाटलं पुढचे लोक नीटनेटकी करतील. त्यांनी जशीच्या तशी गिरवली. पिवळा रंग क्लास्की सुपो स्टुडिओतल्या रंगकार ज्यॉर्जी पेलूस यांनी निवडला. मोठ्या मालिकेचा पहिला तयार भाग इतका बिघडून आला की बराचसा पुन्हा करावा लागला. म्हणून १७ डिसेंबर १९८९ ला नाताळचा भाग आधी दाखवला आणि तो बिघडलेला मोसमाच्या शेवटी ढकलला.

काठावर पास

@उंबरठा, ब्रूक्सचं मान्य. रंगाचं माहीत नव्हतं, धन्यवाद.
@लिंबोणी, नावं उचलणं म्हणजे पात्रं लिहिणं नव्हे. आमच्या चाळीतल्या सगळ्यांची नावं मला पाठ आहेत, म्हणून माझ्याकडून नाटक झालं का?

लिंबोणी

चाळीवर राग आहे का? तो असेल तर होईल. :)

आणि सायमनची फार कणव नको. बाहेर पडतानाही त्याने कार्यकारी निर्मात्याचं नाव आणि नफ्यातला वाटा राखून ठेवला होता. त्यातून मिळालेली गडगंज रक्कम त्याने कुत्र्यांच्या आणि इतर प्राण्यांच्या कामाला दिली, २०१५ मध्ये गेला. माणूस मोठाच. पण उपेक्षित कूळ वगैरे नाही.

भाकरतुकडा

न्यू जर्सीतून लिहितोय. श्रेय वाटून झालं असेल तर जरा मालिकेतल्या भारतीय दुकानदाराचं, अपूचंही वाटा.

आम्ही सांगलीहून इकडे आलो तेव्हा मी सहावीत होतो. वर्गात माझं नाव दुसऱ्याच आठवड्यात अपू पडलं. माझे वडील लॅबमध्ये कामाला, आमच्या सात पिढ्यांत कुणी दुकान टाकलेलं नाही, तरी डबा उघडला की मागून 'थँक यू, कम अगेन'. तो आवाज काढणारा हँक अझारिया गोरा अमेरिकन. विनोदवीर हरी कोंडाबोलूने २०१७ मध्ये यावर माहितीपट केला, २०२० मध्ये अझारियाने अपूचा आवाज देणं थांबवलं.

पण मुळात अपू भारतीय केला कुणी? लेखक माइक रीस सांगतो, दुकानदार भारतीय नको असं आम्ही संहितेत लिहिलं होतं, अझारियाने वाचताना तो हेल काढला आणि सगळे हसले. अझारियाच्या जुन्या मुलाखतीत उलटं आहे: भारतीय आवाज काढ असं त्यालाच सांगितलं गेलं. चांगलं ते सायमनचं की ग्रोनिंगचं यावर तुम्ही इथे हमरीतुमरीवर आलात. हे नकोसं पोर मात्र लेखक आणि अझारिया एकमेकांच्या दारात ठेवतायत.

काठावर पास

याला माझ्याकडे उत्तर नाही. ती लेखकांची खोली सायमनची म्हणून मीच वर मिरवलं होतं. म्हणजे तो हशाही त्याच्या खात्यात मांडायला हवा.

तरी लिसा सायमनची, यावरून मी मागे हटणार नाही.

लिंबोणी

लिसा घ्या तुम्ही. होमर मी देत नाही.