न्यूयॉर्कचं सिटी हॉल स्टेशन फक्त सभासदांनीच का बघायचं?

उंटावरचा_शहाणा (धागाकर्ता)
27 ऑक्टोबर 1904 ला न्यूयॉर्कची पहिली सबवे (भुयारी रेल्वे) सुटली ती सिटी हॉलखालच्या या स्टेशनातून. महापौर मॅक्लेलन यांनी गाडी नुसती सुरू करून द्यायची होती. पण पठ्ठ्या हँडल सोडायलाच तयार नव्हता, 103व्या रस्त्यापर्यंत स्वतःच चालवत गेला. ग्वास्ताविनो या कारागिराच्या टाइल्सच्या कमानी, काचेचे झरोके, पितळी झुंबरं, सगळं अजून जागेवर आहे. 1945 च्या 31 डिसेंबरपासून मात्र स्टेशन बंद. आज बघायचं तर आधी ट्रान्झिट म्युझियमचं, म्हणजे शहराच्या वाहतूक संग्रहालयाचं, सभासद व्हा, मग सहलीचं वेगळं तिकीट काढा. हा भुयारी मार्ग शहराच्या पैशातून झाला, तेव्हा पाच सेंटांत कोणीही इथे उतरू शकत होतं. आठवड्यातून एक दिवस तरी साध्या तिकिटावर उघडा की!

फाटकवाला
उंटराव, स्टेशन कोणी हौसेने बंद केलेलं नाही. फलाट इतका वळलेला आहे की मधल्या दारापाशी गाडी आणि फलाट यांच्यात मोठी फट पडते. जुन्या डब्यांना दारं टोकाला होती, म्हणून चालून गेलं. त्यात फलाट पाच डब्यांचा आणि या मार्गावरची सहा नंबरची गाडी दहा डब्यांची. म्हातारा माणूस पडला तर जबाबदार कोण?

जर्सीकर
साउथ फेरी स्टेशनलाही हेच होतं हो! तिथेही वळण, तिथेही फक्त पुढच्या पाच डब्यांतून उतरायचं. फट भरायला सरकत्या फळ्या होत्या. 2012 च्या सँडी वादळात तिथलं नवं स्टेशन बुडालं तेव्हा तेच जुनं पुन्हा उघडून 2017 पर्यंत वापरलं. म्हणजे अडचण वळणाची नाही, इच्छेची आहे. नव्वदच्या दशकात सिटी हॉल स्टेशनात म्युझियमची शाखा काढायचा बेत होता, तो सिटी हॉलच्या सुरक्षेचं कारण देऊन गुंडाळला.

रुळावरची
इच्छा असेल तर आधी लिफ्ट बसवा. 472 स्टेशनांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी व्हीलचेअर जात नाही. कोर्टकज्जे झाल्यावर 2022 मध्ये जी तडजोड झाली, तिच्यातही 95 टक्के स्टेशनं सुगम करायला 2055 उजाडणार आहे! बाबागाडी खांद्यावर घेऊन जिने चढणाऱ्या आईला तुमच्या झुंबरांचं काय कौतुक? म्युझियमवाले पन्नासेक डॉलर घेतात ते घेऊ देत. हौशी लोकांनी हौसेचे पैसे द्यावेत.

उंटावरचा_शहाणा
लिफ्टबद्दल शंभर टक्के मान्य. पण दोन्हींचे पैसे एकाच खिशातून यावेत असं कुठे आहे? तिकिटाच्या कमाईतून एक दिवसाच्या रखवालदारांचा खर्च तरी सुटेल. आपलं सीएसएमटी 2004 पासून जागतिक वारशात आहे, तरी रोज लाखो माणसं तिथून लोकल पकडतात. वारसा म्हटला की कुलूप, हे मला पटत नाही.

फाटकवाला
सीएसएमटीचे फलाट सरळ आहेत, साहेब. आणि फुकटात बघायचंय ना? ब्रुकलिन ब्रिज या शेवटच्या स्टेशनला सगळे उतरले तरी सहा नंबरमध्ये बसून राहा. गाडी परत फिरताना याच स्टेशनातून वळते. उजवीकडची खिडकी धरा.

रुळावरची
आणि मोबाइलच्या उजेडात काचेत स्वतःचंच तोंड दिसतं, तेव्हा तो आधी बंद करा.