हप्ता बायकोला मिळतो, आधी वारसनोंद करा

नवरा गेल्यावर पीएम किसानचा (केंद्राच्या शेतकरी मदत योजनेचा) हप्ता बायकोला मिळत नाही, असं काहीजण सांगतात. मिळतो. योजनेला जमीन १ फेब्रुवारी २०१९ आधी नावावर लागते, पण वारसाने आलेल्या जमिनीला ती अट नाही.

तलाठ्याकडे मृत्यूदाखला देऊन वारसनोंदीचा अर्ज करा. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलाची नोंद) मंजूर केला की नवा सातबारा काढा, मगच बाईंच्या नावाने नवीन नोंदणी. नवऱ्याच्या जुन्या नोंदणीत नाव बदलत बसू नका. ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झाली तरी पैसे अडतात ते बहुधा खात्याला आधार जोडलेलं नसल्याने. बँकेत ते आधी बघा.

खरा अन्याय बटाईदारावर, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्यावर आहे. राबतो तो, पण सातबारा मालकाचा, म्हणून वर्षाचे ६,००० मालकालाच.