नवं काही बनवणं नेमकं कुठे अडतं? प्रयोगशाळेत की टेंडरमध्ये?

मकरपुरावाला:
संशोधनावर आपला देश जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो आणि दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास, हे वाक्य हल्ली प्रत्येक भाषणात असतं. आकडा खरा आहे. उपाय मात्र सगळे एकच सांगतात: निधी वाढवा. २०२३ मध्ये संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अनुसंधान प्रतिष्ठानाचा कायदा झाला, पाच वर्षांत ५० हजार कोटी. २०२५ मध्ये खासगी संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना आली. येऊ देत. पण नवी वस्तू बनली तर ती घेणारं पहिलं गिऱ्हाईक कोण?

वीज, रेल्वे, पाणीपुरवठा, संरक्षण, सगळीकडे मोठं गिऱ्हाईक सरकारच. आणि सरकार घेतं एल-वन. अटींत बसणाऱ्यांपैकी ज्याचा भाव कमी त्याला ऑर्डर. वर 'हाच माल मागच्या काही वर्षांत इतका पुरवलेला असावा' ही अट. नवा माल मागच्या वर्षी कुणी पुरवला असेल?

मी डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर बनवतो. डिझाइन बदललं की टाइप टेस्ट, म्हणजे नमुन्याची पूर्ण तपासणी, नव्याने. आपलं नशीब की 'एर्डा' ही विजेची उपकरणं तपासणारी संस्था इथे बडोद्यात, मकरपुऱ्यातच आहे, १९७४ पासून. बाहेरगावच्या पार्ट्यांना ट्रक भरून यावं लागतं. तरी शॉर्ट सर्किट टेस्टला घातलेलं युनिट, फी आणि तोवर थांबलेलं काम, सगळं माझ्या खिशातून. एका वीज कंपनीकडे अमॉर्फस कोअरचं, म्हणजे स्फटिकरचना नसलेल्या पातळ धातूपट्टीच्या गाभ्याचं, डिझाइन घेऊन गेलो होतो. नेहमीच्या सीआरजीओ स्टीलच्या (ट्रान्सफॉर्मरचं खास पोलाद) कोअरपेक्षा नो-लोड लॉस, म्हणजे भार नसतानाही वाया जाणारी वीज, साधारण ७० टक्के कमी. साहेबांनी कागद नीट पाहिले आणि म्हणाले, "छान आहे, पण आमच्या भाव तुलनेच्या शीटमध्ये याला कॉलम नाही."

माझं म्हणणं एवढंच. आधी खरेदीची पद्धत बदला, मग निधीचं बोला.

निवृत्त मास्तर:
कॉलम मिळाला असं धरू. ती अमॉर्फस पट्टी तुम्ही आणणार कुठून? जपान नाहीतर चीन. सीआरजीओ स्टीलसुद्धा आपण बहुतांश बाहेरूनच आणतो. बडोदं ट्रान्सफॉर्मरचं गाव म्हणून मिरवतं आणि ट्रान्सफॉर्मरचं काळीज आयात करतं. हे टेंडरमुळे झालेलं नाही. धातुशास्त्रात चाळीस-पन्नास वर्षं चिकाटीने पैसा आणि माणसं लावली नाहीत, म्हणून झालं.

मी जिथे शिकवलं ते कलाभवन, बडोद्याची तंत्रशाळा, १८९० चं. सयाजीरावांनी रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांना हाताशी धरलं, रंगरसायन शिकवायला सुरुवात केली. १९०७ साली अलेंबिक ही औषध-रसायनांची कंपनी निघाली ती गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांच्या हातून. पुढच्याच वर्षी बँक ऑफ बडोदा. १९०६ पर्यंत संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलेलं होतं. आधी शाळा, मग प्रयोगशाळा, मग कारखाना. सतरा वर्षं धीर धरणारा राज्यकर्ता हवा. तुम्हाला पुढच्या टेंडरपर्यंत निकाल हवा आहे.

मकरपुरावाला:
सर, सयाजीरावांचं नाव निघालं की बडोद्यात वाद संपतो, म्हणून तुम्ही ते पहिल्याच फटक्यात काढलंत. पण अलेंबिकचा माल कुणीतरी विकत घेत होतं ना? गिऱ्हाईक होतं म्हणूनच तो टिकला.

सावली रोड:
दोघांचंही पटत नाही. छोट्या कारखान्याला शहाणं करतो तो मोठा कारखाना. आमच्या शेडमध्ये रेल्वे डब्यांच्या पार्टचं काम सुरू झालं तेव्हा पहिल्या व्हेंडर ऑडिटमध्ये आमची अक्षरशः चड्डी उतरली. वेल्डरचं सर्टिफिकेट, प्रत्येक प्लेटचा हीट नंबर (पोलाद कुठल्या ओतीतलं ते), मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन, काही म्हणजे काही धड नव्हतं. आज तोच माल परदेशी जातो. कुठल्या अनुदानाने हे शिकवलं नसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. ५६ पैकी ४० विमानं बडोद्यात बनणार. असे अजून दहा आणा, बाकीचं आपोआप मागे येतं.

निवृत्त मास्तर:
डिझाइन स्पेनचं. आपण जोडणारे.

सावली रोड:
सर, कोरियानेही आधी जोडणीच केली. ह्युंदाईची पोनी १९७५ मध्ये निघाली तेव्हा इंजिन मित्सुबिशीचं होतं. स्वतःचं इंजिन आलं १९९१ मध्ये. मधली सोळा वर्षं ते स्क्रूच आवळत होते असं म्हणायचंय का?

निवृत्त मास्तर:
त्या काळात त्यांचं सरकार स्वस्त कर्ज देताना निर्यातीचा हिशोब मागत होतं. आपण जमीन देतो, रस्ता देतो, वर फीत कापायला जातो. हिशोब कोण मागतं?

रावपुऱ्याची सीए:
हिशोबाचं निघालंच आहे तर जरा माझंही ऐका. कंपनीच्या मान्यताप्राप्त संशोधन विभागात १०० रुपये खर्च झाले की पूर्वी २०० रुपयांची वजावट मिळायची. एप्रिल २०१७ पासून १५० झाली, २०२० पासून १००. म्हणजे एकीकडे 'खासगी कंपन्या संशोधन करत नाहीत' म्हणून ओरड, दुसरीकडे करणाऱ्यांची सवलत बंद. कोरियात संशोधनाच्या खर्चाचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा कंपन्यांचा आहे. आपल्याकडे एक तृतीयांशाच्या आसपास.

लगेच टाळ्या वाजवू नका. त्या २०० टक्क्यांच्या फाइली मी पाहिल्या आहेत. रोजची क्वालिटी टेस्टिंग 'संशोधन' म्हणून घुसवायचे लोक. सवलत गेली तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नव्हतं.

आणि मकरपुरावालेदादा, तुमच्यासारख्यांना खरं मारतं ते अडकलेलं पेमेंट. सूक्ष्म-लघु पुरवठादाराला फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायचे हा कायदा २००६ चा आहे. न दिल्यास घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही, ही आयकरातली पाचर २०२४ मध्ये आली. परिणाम ऐका. माझ्या एका अशिलाला पार्टीने सांगितलं, "लघुउद्योगाची ती उद्यम नोंदणी काढून टाक, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे." भाड्याच्या शेडमध्ये पगाराची चिंता करणारा माणूस नव्या डिझाइनवर कधी बसणार?

वाघोडियाकाका:
वीज खात्यात नोकरी केली, टेंडर कमिटीवर बसलो, म्हणून राहवत नाही. मकरपुरावाले, कॉलम अजिबात नसतो हे खोटं आहे. मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला लॉसची रक्कम काढून किमतीत धरतात आणि मगच एल-वन ठरतो. तुमच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला २०१४ च्या आयएस ११८० या भारतीय मानकाने लॉसची कमाल मर्यादा घालून दिली. ती सक्तीची झाली तेव्हा छोटे कारखानदार 'आम्ही बुडालो' म्हणून किती ओरडले होते, आठवतंय? बुडाला कोण? सगळ्यांनी डिझाइन सुधारलं. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, एका मानकाने केलं ते काम. गाड्यांचंही तेच. धुराच्या मानकात बीएस-चारवरून थेट बीएस-सहा, एप्रिल २०२०. सक्ती झाली आणि जमलं.

अनुभवाची अट का असते, तेही ऐका. ऐन रब्बीत गावचा ट्रान्सफॉर्मर जळला की शेतकरी सबस्टेशनला येऊन उभे राहतात. नंतर ऑडिट विचारतं, स्वस्त मिळत असताना हे महाग, न वापरलेलं का घेतलंत? नवं न घेतल्याबद्दल कुणाचंही पेन्शन अडकलेलं मी पाहिलेलं नाही. घेतल्याबद्दल चौकशी लागलेली पाहिली आहे. स्टार्टअपला अनुभवाची अट शिथिल करायची मुभा २०१६ पासून आहे, 'गुणवत्ता राखून' असं लिहिलेलं. त्या दोन शब्दांखाली सही कोण करणार?

मकरपुरावाला:
काका, मग तुम्ही माझंच तर म्हणताय! दोष पद्धतीत आहे. वर्षाच्या खरेदीतला पाच टक्के माल नव्या डिझाइनचा घ्या, आणि तेवढ्या मालावर 'स्वस्त का नाही घेतला' हा प्रश्न ऑडिटने विचारायचा नाही असं लिहून द्या.

वाघोडियाकाका:
प्रश्न विचारायचाच नाही म्हटलं की त्या पाच टक्क्यांत साहेबांचा मेहुणा शिरणार. मी तर चौकट अजून घट्ट करीन. लॉस किती हवा ते दर तीन वर्षांनी खाली आणा आणि कसं करायचं ते कारखानदारावर सोडा.

निवृत्त मास्तर:
आणि मर्यादा खाली आली की पुन्हा पट्टी जपानहून.

मकरपुरावाला:
सर, मोठी मागणी दिसली तर पट्टीचा कारखानाही इथे निघेल.

निवृत्त मास्तर:
ट्रान्सफॉर्मरची मागणी या देशात सत्तर वर्षं दिसतेच आहे की. सीआरजीओचे कारखाने किती निघाले ते मोजा.

वाघोडियाकाका:
मकरपुरावाले, एक सरळ प्रश्न. तुमचं अमॉर्फस युनिट मी घेतलं असतं, तर पाच वर्षांची बँक गॅरंटी दिली असती का?

मकरपुरावाला:
दिली असती तर खेळतं भांडवल पाच वर्षं मार्जिनमध्ये, म्हणजे गॅरंटीपोटी बँकेत ठेवायच्या रकमेत, अडकलं असतं. दोन वर्षांची देईन.

वाघोडियाकाका:
मग तिसऱ्या वर्षी जळल्यास निस्तरायचं कोणी?

रावपुऱ्याची सीए:
ते एक लाख कोटी आहेत ना? कमी व्याजाचं कर्ज वाटण्याऐवजी त्यातून अशा गॅरंटीचं मार्जिन भरा. नव्या मालाची जोखीम निधीने घ्यावी, काकांनीही नको आणि दादांनीही नको.

निवृत्त मास्तर:
माझा विरोध नोंदवून ठेवा. तो पैसा संशोधनाचा आहे, बँकेत मार्जिन म्हणून ठेवायचा नाही.